जर्मन मामाचं मयत

"सुचित्रा, रडायला बायका हव्यात," अस्मिता दारातूनच म्हणाली. मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उसवत बसले होते. ब्लेड बोटात घुसायचं ते थोडक्यात वाचलं.

"का गं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं! खोटं खोटं रडायचंय. वरदच्या कंपनीचा जर्मन फेस्टिवल आहे ना, त्यात. तू टेन्शन नको घेऊस, मजा असते सगळी."

अस्मिता आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची. स्वभावाने चांगली, पण तोंडाला झाकण नाही. तिचा नवरा वरद तुर्भ्याच्या एका रंगाच्या कंपनीत पर्सोनेलला होता. कंपनी निम्मी जर्मनांची. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या कंपनीच्या जर्मन डायरेक्टरच्या बायकोच्या मनात आलं, की आपल्या गावची जत्रा इथे भरवावी. तीही मे महिन्यात. पायघोळ झगे, वर घट्ट काळ्या चोळ्या, लाल-पांढऱ्या पताका, बटाट्याचं सॅलड आणि घामाच्या धारांत जोडीजोडीने नाच. ज्यांच्या घरात एसी आहे त्यांना काहीही सुचतं. झगे मात्र मी शिवणार होते, म्हणून मी काही बोलले नाही. जुईनगरला आमच्या तळमजल्याच्या खोलीत माझा शिवणाचा क्लास चालायचा, आणि लग्नसराई सरल्यावर हाताला असं मोठं काम कुठे मिळतं?

दुसऱ्या दिवशी ती डायरेक्टरची बायको स्वतःच आली. उर्सुला मॅडम. उंच, हाडकुळी, उन्हाने लाल झालेली, सुती सलवार-कमीज घातलेली. आमच्या मोरीला लागून असलेल्या खुर्चीवर ती अवघडून बसली आणि इंग्रजीत सांगू लागली. मला बरंचसं कळत होतं, उरलेलं अस्मिता सांगत होती.

तिच्या गावी उन्हाळ्यात जत्रा असते. जत्रेच्या पहिल्या दिवशी पेंढ्याचा एक माणूस करतात. माणसाएवढाच मोठा. त्याला खरे कपडे घालतात, टोपी घालतात आणि उंच जागी बसवतात. तिथून तो सगळी जत्रा बघतो. कोण किती प्यालं, कोण कुणाबरोबर नाचलं, कुणी भांडण काढलं, सगळ्याचं खापर त्याच्या डोक्यावर. शेवटच्या संध्याकाळी त्याच्यावर खटला भरतात, तो दोषी ठरतो आणि मग त्याला तिरडीवर घालून मिरवत नेतात आणि जाळतात. मागून सगळं गाव मोठमोठे रुमाल घेऊन गळा काढून रडतं. जो सगळ्यांत छान रडेल त्याला बक्षीस. रडता रडता सगळे हसतात, आणि जत्रा संपते.

त्या पेंढ्याच्या माणसाला तिच्या गावात एक नाव होतं. ते आमच्या कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून अस्मिताने त्याला 'जर्मन मामा' करून टाकलं.

हे सांगणं चाललं होतं तेव्हा आई आत स्वयंपाकघरात ताक घुसळत होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी मुद्दाम उठून आतलं दार ओढून घेतलं.

कारण आमच्या घरात रडायला बंदी होती. हे मी थट्टेने म्हणत नाही. माझा नवरा अभिराम मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याचं जहाज एका वादळात नाहीसं झालं. बुडालं असंही कुणी पाहिलं नाही. फळी नाही, लाइफबेल्ट नाही, माणूस नाही. जहाजाच्या ऑफिसातून तार आली आणि तिच्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. मी भिंतीला टेकून पहिला हुंदका दिला, तशी आईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. "गप. जित्या माणसासाठी रडत नाहीत. अपशकुन होतो." मी गप्प झाले. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि सासूने गप्प म्हटलं की गप्प बसायचं इतकंच मला शिकवलेलं होतं. त्यानंतर त्या घरात कुणी रडलं नाही. त्याही नाही, मीही नाही.

गुहागरहून चुलतसासरे भाऊकाका दर उन्हाळ्यात यायचे आणि तेच सांगायचे. "वहिनी, बारा वर्षं झाली की पुतळा करून दहन करायचं असतं. शास्त्र आहे. त्याच्या जिवाला गती नको का?" आई त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला घरी यायचंय, त्याला कसली गती देताय?" शेवटी ते यायचे बंद झाले.

गिरगावातली खोली विकून आम्ही जुईनगरला आलो तेही त्याच पायी. चाळीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. जिन्यात बायका माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. इथे नवीन वसाहत, सगळेच उपटसुंभ, कुणाला कुणाचं मागचं माहीत नाही. आईंनी आल्या आल्या सोसायटीत सांगून टाकलं, "मुलगा जहाजावर असतो." झालं. लोकांना तेवढं पुरतं. मागे काहीबाही बोलत असतील, त्याने तिकडे दुसरी केली असेल, वगैरे. बोलोत. पण हळदीकुंकवाला बायका मला आवर्जून बोलवायच्या, सवाष्ण म्हणून ओटी भरायच्या, आणि ते कुंकू लावून घेताना दर वेळी मला आपण चोरी करतोय असं वाटायचं. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. मी काही मोठं मागत नव्हते. मला दुसरं लग्न नको होतं, कुणाची दया नको होती. मला एकदा, फक्त एकदा, माझा नवरा गेला म्हणून मोठ्याने रडायचं होतं. आणि ते आईंच्या परवानगीशिवाय माझ्याने होत नव्हतं. हसा हवं तर.

उर्सुला मॅडम गेल्यावर आई ताकाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. "ती गोरी बाई काय म्हणत होती गो?"

"जत्रा आहे त्यांची. झगे शिवायचेत. आणि पेंढ्याचं एक बुजगावणं करायचंय."

"बुजगावणं मी करीन," आई म्हणाल्या.

मी जाळण्याबिळण्याचं काही सांगितलं नाही. म्हातारीला तेवढाच विरंगुळा होईल, असं मला वाटलं.

पेंढ्यासाठी आम्ही रिक्षा करून घणसोली गावात गेलो. तिथे राहीबाई म्हणून एका आगरी बाईचा म्हशींचा गोठा होता, आमच्याकडे दूध तिचंच यायचं. राहीबाईने गंजीतून एक पेंढी ओढून पुढे टाकली. आईंनी ती सोडली, काड्या हाताने पारखल्या आणि बाजूला सारली. दुसरी सोडली. तीही सारली. लांब, न मोडलेल्या, स्वच्छ काड्या त्या एकेक करून वेचत बसल्या. ऊन चढत चाललं होतं, माझ्या डोक्याला ताप होत होता.

"आगं म्हातारे, बुजगावन्याला येवरा निवरून पेंढा कोन घेतं?" राहीबाई हसायला लागली. "कावल्यांना काय कलतंय?"

"कावळ्यांना कळतं," आई म्हणाल्या. राहीबाईचं हसू जरा ओसरलं. तिने आईंकडे नीट पाहिलं, आणि मग स्वतःही बसून काड्या वेचू लागली. मला वाटलं, दोघी म्हाताऱ्या, एकमेकींना धरून आहेत. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगायला गेले.

त्यानंतर आमचं घर म्हणजे कारखाना झाला. खोलीत एका बाजूला झग्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला पेंढा. सोसायटीच्या बायका मापं द्यायला यायच्या आणि त्या घट्ट चोळ्या घालून आरशासमोर उभ्या राहून फिदीफिदी हसायच्या. अस्मिताला तिची चोळी कमरेत बसेना, तर दोष माझ्या कात्रीचा. सोसायटीच्या हॉलमध्ये टेपरेकॉर्डर लावून नाचाची तालीम चालायची. नवरेमंडळी चुकीच्या पायावर उडी मारायची आणि उर्सुला मॅडम टाळी वाजवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला ती बाई आधी खुळी वाटली होती. पण एकदा ती माझ्याकडे पताका मोजायला आली आणि बसून राहिली. म्हणाली, तिच्या गावात आता म्हातारेच उरलेत, जत्रा भरत नाही. धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हापासून तिला झोप नाही. मी तिला ताक दिलं. तिने ते सगळं प्यायलं आणि डोळे पुसले, अगदी उघडपणे, परक्या घरात. मला तिचा हेवा वाटला.

आई दुपारभर जमिनीवर बसून मामाला घडवायच्या. आधी पाय, मग धड, मग हात. सुतळीने आवळून आवळून. मी शिवणयंत्रावरून बघत असे. डावा हात झाला, तो त्यांनी सोडला आणि पुन्हा बांधला. "जरा लांब हवा." खांदे झाले, तेही सोडले. "रुंद हवेत." एवढं कुणी सांगितलं होतं?

मग एक दिवस त्या म्हणाल्या, "पँट शिव त्याला. लांबी बेचाळीस घे. कंबर तीस."

मशीनच्या चाकावरचा माझा हात थांबला. मी शिंपीण आहे. माणसांची नावं विसरेन, मापं विसरत नाही. लग्नानंतर मी पहिली पँट शिवली होती ती बेचाळीस लांबीची, तीस कमरेची. एवढा उंच आणि एवढा काटकुळा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

आई माझ्याकडे बघत नव्हत्या. सुतळीची गाठ मारत होत्या.

ही म्हातारी आपला मुलगा करत बसली होती. बारा वर्षं नजरेला पडला नाही, म्हणून पेंढ्यात त्याचा घाट शोधत होती, आणि तिला ठाऊकही नव्हतं की याला शेवटी आग लावायची आहे. तोंडात सुतळीचं टोक धरून ती त्या पेंढ्याच्या छातीवरून हात फिरवत होती. मी पँट शिवून दिली. दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून अभिरामचा निळ्या रेघांचा शर्ट काढला, तो मामाला चढवला आणि बटणं लावली, वरचं सुद्धा. "पडून पडून विरला असता," एवढंच म्हणाल्या.

आता सांगायला हवं होतं. रोज मी ठरवायचे, आज सांगते. पोळ्या लाटताना शब्द तोंडाशी यायचे आणि परत जायचे. आईंना सांगितलं तर त्या मामाला मिठी मारून बसतील, देणार नाहीत, मग अस्मितापुढे, त्या मॅडमपुढे काय सांगू? आणि न सांगता नेलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो शर्ट पेटला, तर म्हातारी जागच्या जागी जाईल. माझी सगळी चिडचिड मी झग्यांच्या लेसवर काढत होते. दोनदा ती उलट्या बाजूने शिवली गेली.

जत्रा शनिवारी होती, वाशीला कंपनीच्या गेस्ट हाउसच्या मैदानात. त्याच्या आधी तिथे सगळ्यांची एक बैठक झाली. आईंनी हट्टच धरला, मामाबरोबर मीही येणार. टेम्पोत त्या त्याच्या शेजारी बसल्या, धक्का लागू नये म्हणून त्याच्या मानेमागे हात घालून. मी समोर बसले होते. मला तिकडे बघवत नव्हतं.

बैठकीला कंपनीचा सेफ्टी ऑफिसर आला होता. तबरेज मुकादम, मुरुड-जंजिऱ्याकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. त्याने मैदान पाहिलं, वाळकं गवत पाहिलं, आणि मान हलवली.

"फायर नाय चालणार. सॉरी. मे महिना हाय, वारा हाय, कंपाउंडच्या मागे गॅसच्या बाटल्या हायत. मी सही नाय करू शकत."

सगळ्यांचे चेहरे उतरले. माझ्या मात्र छातीवरचा धोंडा खाली आला. देवाने सोडवलं, मला वाटलं. उर्सुला मॅडम म्हणाली, हरकत नाही, शेजारच्या गावांत त्याला पुरतात, आपणही पुरू. अस्मिताने ते मराठीत सगळ्यांना सांगितलं. बायका खूश झाल्या. खड्डा कुठे खणायचा याची चर्चा सुरू झाली.

"पुरायचं नाही," आई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे वळले. आई खुर्चीवरून उठून उभ्या होत्या.

"पुरतात ते दात न आलेल्या पोराला. कर्त्यासवरत्या माणसाला पुरत नाहीत. याला अग्नी द्यायचा. तसं ठरलं होतं."

अस्मिताला हसू आलं. "आजी, अहो मामा खोटा आहे!"

आईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मला कळलं. ताक घुसळताना त्यांनी सगळं ऐकलं होतं. दार लावून घेतलं तरी ऐकलं होतं. पेंढा निवडताना त्यांना ठाऊक होतं. हात सोडून पुन्हा बांधताना, शर्टाचं वरचं बटण लावताना, सगळा वेळ ठाऊक होतं. मीच तेवढी शहाणी त्यांना जपत बसले होते.

मी त्यांना बाजूला नेलं, बदामाच्या झाडाखाली. "आई, मग भाऊकाका इतकी वर्षं सांगत होते तेच का नाही करत? भटजी बोलावून, रीतसर?"

"भटजी विचारतो," त्या म्हणाल्या. "कोण गेला, केव्हा गेला. आणि ते आईने तोंडाने सांगायचं. माझ्या जिभेला तो शब्द येत नाही गो. खूप केलं. येतच नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "इथं कुणी विचारत नाहीत. हसतात, रडतात, जाळतात. इथं व्हायचं ते होऊन जाईल."

"पण आताच का?"

"मी आता किती दिवसांची? मी गेल्यावर तू कुणाला विचारून रडणार?"

मला वाटलं तिथेच मला रडू फुटेल. पण नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी तबरेजच्या ऑफिसात गेले. अस्मिताला न सांगता. तो फाइलमधून वर बघायच्या आतच मी सुरुवात केली, आणि भांडायच्याच आवाजात केली, कारण मला विनंती करता येत नाही. म्हटलं, तुमचे नियम तुमच्यापाशी, पण माझ्या सासूला तो पुतळा जाळू द्या. मग सांगितलं. जहाज, तार, बारा वर्षं, पँटचं माप. परक्या पुरुषाला. आधी कुणालाही सांगितलं नव्हतं ते.

तबरेजने पेन खाली ठेवलं. "वैनी, हे आधी बोलायचं ना."

"कुणापुढे बोलू?"

"माझे चाचा इद्रीस. ते पण जहाजावर होते. एडनच्या पुढे गेले ते गेलेच." तो म्हणाला. "आमी शाफई पंथाचे. आमच्यात मय्यत नसली तरी गायबाना नमाज पढतात. पढली आमी. चाचीला पयल्यांदा त्या दिवशी झोप लागली." मग त्याने कागद पुढे ओढला. "मैदानाच्या खाडीकडच्या कोपऱ्यात विटांचा चौथरा करतो. खाली रेती, बाजूला बादल्या, आग विझवायचे चार सिलिंडर. मी सोता उभा राहीन. कुणाला काय सांगायचं नाय."

शनिवारी मैदान ओळखू येत नव्हतं. माझे झगे गरगर फिरत होते. चोळ्या घामाने पाठीला चिकटल्या होत्या, तरी बायका नाचत होत्या. एका मंडपात जर्मन लोक बीअर पीत होते, दुसऱ्यात आमचे लोक कोकम सरबत. आणि मधोमध उंच बांबूच्या मचाणावर मामा बसला होता, टोपी घालून, निळ्या रेघांच्या शर्टात. लोक त्याला हात करत होते. आई दिवसभर मचाणाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. काही खाल्लं नाही. मी सरबत नेलं तर मान हलवली.

तिन्हीसांजेला खटला झाला. वरद वकील झाला होता, कापसाच्या मिशा लावून. मामा जास्त प्याला, मामाने सॅलड संपवलं, मामाने अस्मिताला डोळा मारला. लोक हसून हसून बेजार. मामा दोषी ठरला. चार जणांनी त्याला मचाणावरून उतरवलं आणि तिरडीवर आडवं केलं. जर्मन तिरडी, म्हणजे पताका लावलेली शिडी. गर्दीत आई पुढे झाल्या, वाकून त्यांनी त्याचा शर्ट सारखा केला आणि खिशात काहीतरी ठेवलं. तुळशीचं पान होतं. मी जवळ होते म्हणून दिसलं.

मग रडणं सुरू झालं. टेबलक्लॉथएवढे रुमाल मीच शिवले होते. "मामा रे मामा!" म्हणून बायका छाती पिटत होत्या, पडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. वाजंत्री वाजत होती. व्हिडिओवाला मागे मागे चालत शूटिंग घेत होता. विटांच्या चौथऱ्यापाशी मिरवणूक थांबली. तबरेज बादल्यांपाशी उभा होता, हात पुढे बांधून. उर्सुला मॅडमने पलिता पेटवला आणि विचारलं, कोण लावणार?

आईंनी तो तिच्या हातातून घेतला. मॅडम हसली, सरकून जागा दिली. आईंनी पलिता माझ्यापुढे धरला.

"तू दे. ज्याला जन्म दिला त्याला माझ्याने अग्नी देववत नाही."

मी दिला. पायाकडून की डोक्याकडून तेही मला ठाऊक नव्हतं. पेंढा निवडक होता, कोरडा होता, एकदम धरला. शर्टाच्या रेघा क्षणभर स्पष्ट दिसल्या आणि गेल्या.

तेव्हा आई ओरडल्या. मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नव्हता. "अभिराम! माझ्या सोन्या रे! पाण्यात एकटा गेलास रे! मी हाक मारली नाही रे तुला!" त्या मातीत बसल्या, दोन्ही हातांनी जमीन बडवू लागल्या, अंबाडा सुटला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. हसणारे क्षणभर गप्प झाले. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. जर्मन लोक शिट्ट्या मारत होते. "सुपर, आजी! काय अॅक्टिंग!" अस्मिता ओरडत होती. टाळी न वाजवणारा एकच माणूस होता, तबरेज. त्याने दोन्ही तळवे वर धरले होते आणि त्याचे ओठ हलत होते.

मी आईंच्या शेजारी बसले, त्यांना धरलं. मला रडू आलं नाही. सगळे बघत होते आणि बक्षीस देणार होते. मी कशी रडणार?

घरी आल्यावर आईंनी मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. आधी त्यांनी अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ केली, मग मी. रात्री आम्ही चूल पेटवली नाही.

सकाळी बेल वाजली. अस्मिता होती. हातात मोठा चकचकीत डबा, वर लाल फीत.

"आजी कुठायत? फर्स्ट प्राइज! उर्सुला मॅडमने स्वतः दिलंय, बेस्ट रडण्याबद्दल. म्हणाली, आमच्या गावात पण असं कुणी रडलं नव्हतं. जर्मन चॉकलेटं आहेत. चला, उघडा, आजींच्या हातून तोंड गोड करा सगळ्यांचं!"

ती आत यायला निघाली. मी दाराला हात आडवा लावला.

"नको गं अस्मिता. ते घेऊन जा. आमच्याकडे आता गोडधोड चालायचं नाही. सुतक आहे."

"अगं बाई! सुतक? कुणाचं?"

शेजारची दारं उघडी होती. कुणी झाडू मारत होतं, कुणाकडे रेडिओ लागला होता.

"अभिरामचं," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याचं."

अस्मिताचा चेहरा पांढराफटक पडला. डबा तिने छातीशी धरला. "कधी गेले?" तिने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी रडणंच आलं. जिन्यात, सगळ्या दारांसमोर, मी खाली बसले आणि मोठ्याने रडले, नाकडोळे वाहत, लाज न बाळगता. माणसं बाहेर आली. मला थांबता येईना. आतून आईंची पावलं ऐकू आली. त्या येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी सवयीने वाट पाहिली, की त्या आता गप म्हणतील.

त्या काही म्हणाल्या नाहीत. खाली बसल्या आणि त्यांनी माझी पाठ धरून ठेवली.